काकांचा वाढता माळा

नागपुरात जमीन घेऊन घर बांधणारे पुष्कळ झाले, पण जमिनीला हात न लावता जन्मभर घर बांधत राहिलेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या मावशीच्या नशिबी आला. मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, महाल भागातल्या एका बोळात कवेलूच्या, म्हणजे कौलांच्या, जुन्या घरात राहत. खालचं घर होतं तेवढंच राहिलं. समोर बैठक, मधे माजघर, मागे स्वयंपाकघर आणि त्यामागे विहिरीला जागा देऊन उरेल तेवढं अंगण. वाढला तो फक्त माळा. लोकांची पोरं वाढतात, पोटं वाढतात, आमच्या काकांचा माळा वाढायचा. घर कोणत्या दिशेने वाढवावं याबद्दल त्यांचं मत पक्कं होतं, आणि ते ऐकल्याशिवाय त्यांच्या घरचा चहा कोणाला मिळाला असेल असं मला वाटत नाही. "हे पाहा," ते म्हणत, "बाजूनं वाढवलं तं शेजारी भांडते. खाली खणलं तं पाणी लागते. वर कोण आहे? वर देव आहे. आन् देव काही कारपोरेशनात अर्ज देत नाही."

काका एका आरा मशीनवर मुनीम होते. इतवारीच्या पलीकडे लाकडाच्या वखारी होत्या, तिथे दिवसभर सागवान चिरलं जाई आणि काका त्याचा हिशेब लिहीत. संध्याकाळी मालकाला विचारून ते एखादा टाकाऊ तुकडा सायकलला बांधत आणि घरी निघत. तुकडा म्हटलं तरी तो दीड माणूस लांब असायचा. सरळ बांधला तर मानेला टोचतो, म्हणून काका तो आडवा बांधायचे. उन्हाळ्याच्या संध्याकाळी सगळा बोळ आपापल्या दारासमोर बाजा टाकून पडलेला असे. कोपऱ्यावरून काकांची घंटी वाजली, की लोक निमूट उठायचे, बाजा भिंतीला उभ्या करायचे, पोरं उचलून घ्यायचे, आणि ते सागवान मधून निघून गेलं की पुन्हा बाजा टाकून झोपायचे. कोणी कुरकुर केल्याचं मला आठवत नाही. काकांना मात्र वाटे, की लोक त्यांना मान देऊन राहिले. "पाहा," ते मला म्हणाले होते, "अख्खा बोळ उठून उभा राहते."

त्यांच्या या वाढवण्याला एक मुहूर्त होता. आमच्याकडे कवेलूच्या घरांवर दर उन्हाळ्यात, मृगाच्या आधी, माणसं चढवून कवेलू फेरावे लागतात. वर्षभरात माकडं नाचतात, मांजरं भांडतात, कवेलू फुटतात, सरकतात. ते सगळे काढायचे, फुटके फेकायचे, चांगले पुन्हा रचायचे. दोन दिवस घराला आभाळ दिसतं आणि मग सगळं जिथल्या तिथे. हे इतरांच्या घरी. काकांच्या घरी छप्पर उघडलं, की काका खाली उभे राहून कमरेवर हात ठेवून वर बघायचे आणि एक वाक्य म्हणायचे, ज्याच्या नुसत्या आवाजाने मावशीच्या कपाळाला आठी पडायची. "आता उघडलंच आहे तं." उघडलंच आहे तर माळ्याच्या फळ्या माजघरापर्यंत न्याव्या. उघडलंच आहे तर भिंतीवर दोन थर विटा चढवाव्या. उघडलंच आहे तर बोळाच्या अंगाला एक खिडकी काढावी. कवेलू फेरायला येणारा मिस्त्री बिचारा दर साली बुचकळ्यात पडायचा. "काकाजी," तो एकदा म्हणाला, "मागच्या साली कवेलू पुरले होते, अवंदा कमी पडून राहिले. घर वाढून राहिलं का कवेलू आटून राहिले?" काका गंभीरपणे म्हणाले, "उन्हानं आटते." हा उघडण्याचा नाद त्यांना इतका होता, की अपेंडिक्सचं ऑपरेशन करायला नेलं तेव्हा टेबलावर पडल्या पडल्या डॉक्टरांना त्यांनी सांगितलं, की उघडूनच राहिले तर बाकीचंही एकदा पाहून घ्या. डॉक्टर हसले. मावशी हसली नाही, कारण तिला माहीत होतं, की हा माणूस विनोद करत नाही.

मुळात तो माळा कांदे, चिंच आणि जादा कवेलू ठेवायचा. दिलीप, त्यांचा एकुलता एक मुलगा, मॅट्रिकला आला तेव्हा त्याला अभ्यासाला शांत जागा हवी म्हणून काकांनी कांदे खाली आणले, वर फळ्या ठोकल्या, दिव्याची वायर नेली आणि बैठकीतून वर जायला एक लाकडी जिना बसवला. खोली झाली. फक्त तिच्या बरोबर मधून छपराची आडवी तुळई, आमच्याकडे तिला म्याल म्हणतात, ती गेली होती, आणि ती अशा उंचीवर होती की काकांच्या टोपीला जेमतेम स्पर्श करायची आणि बाकी जगाच्या कपाळात बसायची. काका बुटके. त्या माळ्यावर ताठ उभा राहू शकणारा घरातला एकमेव पुरुष तेच, त्यामुळे लोक कशाची तक्रार करतात हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. "माळा बुटका नाही," ते म्हणत, "तुम्ही लोक उगाच लांब झाले." मी बर्डीवर खोली घेऊन राहत होतो आणि दर रविवारी मावशीकडे जेवायला जायचो, मला त्या म्यालीने इतक्या वेळा प्रसाद दिला आहे, की आजही एखाद्या अनोळखी घरात शिरताना माझा हात आधी कपाळाकडे जातो. दिलीप तर तिथेच वाढला. त्याला वाकून चालण्याची सवयच जडली. पुढे कोराडीचं वीजकेंद्र नवं नवं सुरू झालं तेव्हा तो तिथे मुलाखतीला गेला. साहेबांच्या खोलीचं दार चांगलं हत्ती जाईल एवढं, पण हा सवयीने कमरेत वाकून आत गेला. साहेब म्हणे शेजारच्याला म्हणाले, मुलगा नम्र दिसतो. नोकरी लागली. काकांनी त्याचं सगळं श्रेय म्यालीला दिलं आणि दसऱ्याला तिला हार घातला.

नोकरी लागल्यावर लग्न ओघानेच आलं. मुलगी काटोलची, शालू. घरी संत्र्याचा बगीचा. तिचे वडील घर पाहायला आले, काकांनी त्यांना हाताला धरून वर नेलं, आणि अपेक्षेप्रमाणे ठक्क असा आवाज खाली बैठकीत ऐकू आला. मावशीने पदर तोंडाला लावला. वरून काकांचा आनंदी आवाज आला, "बस, झाली सोयरीक पक्की. ज्याले लागते तो आपला होते." पाहुणे कपाळ चोळत खाली आले, पण माणूस भला, हसले. लग्नानंतर ते दर हंगामात लाकडी पेट्या भरून संत्री पाठवायचे. संत्री मावशीच्या ताब्यात जायची. काका पेट्या घ्यायचे, खिळे सरळ करायचे, फळ्या माळ्यावर न्यायचे आणि व्याह्यांना उलटटपाली कळवायचे, की माल उत्तम होता.

आता इथे मला सांगितलं पाहिजे, की त्या घरात काकांची जागा कुठली होती. बैठकीत जिन्याला लागून त्यांची बाज होती. वर जाणारा आणि वरून येणारा प्रत्येक माणूस त्यांच्या उशाशीच उतरायचा. दिलीप कोराडीहून ड्यूटी करून आला, की जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून बूट काढायचा, आणि बूट काढता काढता त्या दिवशीचं सगळं सांगायचा. कोणता पट्टा बंद पडला, कोळशाचे किती ट्रक रांगेत उभे होते, कोणाचं कोणाशी वाजलं. काका मधे मधे नको ते सल्ले द्यायचे. बूट काढायला एवढा वेळ लागणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. शालू सकाळी उतरली, की हातातला कप काकांच्या बाजेवर ठेवून तिथेच टेकायची आणि पेपरातलं भविष्य त्यांना वाचून दाखवायची. काकांच्या दिवसाचा कणा म्हणजे हे दोन प्रसंग. तसं ते कधी बोलले नाहीत. पण त्या वेळा टळल्या, की ते उगाच सायकलची घंटी वाजवून पाहायचे.

आणि नेमकी तेव्हाच कोराडीला क्वार्टरं बांधून तयार व्हायला लागली. दिलीपच्या बरोबरीचे एकेक करून तिकडे राहायला गेले. दिलीपनेही अर्ज टाकला. सगळे टाकत होते म्हणून टाकला. जायचं की नाही यावर घरात चकार शब्द निघाला नाही. सरळ माणसाने मुलाला विचारलं असतं, बाबा रे, तुझा विचार काय? काकांनी विचारलं नाही. विचारलं आणि तो "हो" म्हणाला तर काय, ही खरी भीती. त्यांनी निराळाच मार्ग धरला. एका सकाळी माझ्या खोलीवर आले आणि म्हणाले, "चाल, कोराडीले जाऊ. हवा पाहून येऊ." भर एप्रिलात कोराडीला हवा पाहायला जाणारे आम्ही पहिलेच असू. बसमधून उतरलो तेव्हा काकांच्या पांढऱ्या टोपीवर राखेचा पातळ थर बसला होता, तो त्यांनी बोटाने पुसून पाहिला आणि समाधानाने मला दाखवला. एक मुद्दा त्यांच्या बाजूने जमा झाला होता.

दिलीपच्या एका मित्राच्या क्वार्टरमध्ये आम्ही शिरलो. मित्र ड्यूटीवर होता, घरी त्याची बायको एकटी. काकांनी ओळख सांगितली, पाणी पिलं, आणि ती बाई चहाचं आधण ठेवायला आत वळते न वळते तोच हे गृहस्थ बाहेरच्या खोलीत फरशीवर उताणे पडले. मला याचं काही विशेष वाटलं नाही. काकांचा टेपवर विश्वास नव्हता, टेप उन्हाने वाढते असं ते म्हणत, आणि म्हणून कोणतीही जागा ते स्वतः आडवे पडूनच मोजायचे. त्यांचा माळा तेव्हा दोन काका आणि एक हात लांब होता. पण त्या बाईला हे कसं माहीत असणार. बाहेर येऊन पाहते तर पाहुणा म्हातारा डोळे मिटून फरशीवर सरळ पडलेला, हात डोक्यावर ताणलेले आणि तोंडाने काहीतरी पुटपुटून राहिला. तिला वाटलं, उन्हाची लू लागली. ती धावत आत गेली, कांदा फोडून आणला आणि काकांच्या नाकाला लावला, शेजारणीला हाक मारून कैरीचं पन्हं मागवलं. काका हलले नाहीत. "ठेवा इथं बाजूले," डोळे न उघडता ते म्हणाले, "आत्ता उठलो तं माप चुकते." ती माझ्याकडे पाहायला लागली. मी भिंतीकडे पाहायला लागलो. मग काकांनी पडल्या पडल्याच पन्हं पिलं, सरकत सरकत दुसरी खोली मोजली आणि उठून त्या माउलीला तोंड भरून आशीर्वाद दिला.

परतीच्या बसमध्ये मात्र ते खिडकीशी बसून राहिले. शहर आलं. मग म्हणाले, "स्लॅब आहे गा. नळ आहे. वेगळी मोरी आहे. आन् दार आहे स्वतःचं." मग पुन्हा म्हणाले, "पोरगं जाईन गा." मला त्यांचं तोपर्यंत नेहमी हसूच यायचं. त्या दिवशी नाही आलं. मी काहीतरी धीर द्यायला म्हणून म्हणालो, "काका, तुम्ही एकदा दिलीपलाच विचारून पाहा ना." त्यावर ते माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काही मी त्यांना टेप वापरायला सांगितलं होतं.

त्या उन्हाळ्यात छप्पर उघडलं ते महिनाभर मिटलंच नाही. क्वार्टरमध्ये जे जे होतं ते ते माळ्यावर आणायचं, आणि वर थोडं जास्त, असा काकांचा बेत होता. माझी उन्हाळ्याची रजा त्यांनी मला न विचारता गृहीत धरली. मी विटा वाहिल्या, पाणी वाहिलं, डोक्यावर ओला पंचा बांधून सागवानाचे फाटे वर चढवले आणि मनातल्या मनात कोराडीला नाही नाही ते बोललो. म्यालच उचलून हातभर वर बसवली. तिला आता आमच्यापैकी कोणाचंही डोकं लागणार नव्हतं, आणि मिस्त्रीने ती पक्की केल्यावर काकांनी वर जाऊन तिच्याकडे हिरमुसल्यासारखं पाहिलं. भिंती उंचावल्या. त्याबरोबर एक नवंच प्रकरण उभं राहिलं. शेजारच्या वहिनींच्या अंगणात सकाळचं ऊन यायचं, ते दुपारी यायला लागलं. मे महिना, अंगणभर वाळवण घातलेलं, आणि त्यावर काकांच्या माळ्याची सावली. वहिनी ओल्या कुरड्यांचं ताट घेऊनच आल्या आणि काकांच्या समोर धरलं. "पाहून घ्या. तीन दिवस झाले. नुसत्या लिबलिबीत. माझ्या कुरड्यांनी तुमचं काय घोडं मारलं?" देव अर्ज देत नाही हे खरं, पण वहिनी देणाऱ्यांपैकी होत्या. काकांनी ताट हातात घेतलं, एक कुरडई बोटाने दाबून पाहिली आणि म्हणाले, "वहिनी, तुमचं ऊन कुठं गेलं नाही. ते फक्त वर गेलं. कुरड्याही वर पाठवा." आणि खरोखरच त्यांनी शिडीने वहिनींचं सगळं वाळवण आपल्या कवेलूवर चढवलं. वर ते एका दिवसात खडखडीत वाळलं. मग काय, सगळ्या बोळाच्या पापडांना पाय फुटले. मिस्त्री बिचारा कवेलू लावू की मूगवड्या सांभाळू अशा पेचात महिनाभर राहिला, आणि माकडांनी त्या साली जितकी मजा केली तितकी पुन्हा कधी केली नसेल.

वर दोन खोल्या झाल्या, मोरी झाली, नळ झाला. ओटा बसवायला जागा कमी पडली तेव्हा काकांची नजर जिन्याच्या तोंडावर गेली. जिना वर येतो ती जागा फुकट जाते, ती बुजवली तर ओटा ऐसपैस होतो, आणि बोळाच्या बाजूने बाहेरून लोखंडी जिना लावला तर वर स्वतःचं दारही होतं. एका दगडात दोन पक्षी. दिलीप ड्यूटीवर होता. शालू खाली उभी राहून पाहत होती. ती हळूच म्हणाली, "बाबा, हा जिना राहू द्या ना. ओटा लहान चालन मले." काका वरून म्हणाले, "काहून? क्वार्टरमध्ये सासऱ्याच्या बाजेवरून जा लागते का? तुमचं तुम्हाले दार पाह्यजे." शालू आणखी काही बोलणार होती. तेवढ्यात वर करवत लागली. लाकडी जिना निघाला, वरचं तोंड चांगल्या जाड सागवानी फळ्यांनी बंद झालं, त्यावर ओटा बसला, आणि काकांनी नव्या खोलीत आडवं पडून मोजलं. क्वार्टरपेक्षा एक हात जास्त भरली.

पावसाळा संपता संपता दिलीपचा नंबर लागला. संध्याकाळी सगळे बैठकीत जमले. दिलीपने सांगितलं, की क्वार्टर मिळून राहिलं, आठ दिवसांत कळवायचं आहे. काका पंख्याकडे पाहत बसले होते, जसा काही तो पंखा आत्ताच कोणी आणून लावला होता. मावशी तांदूळ निवडत होती, तिचा हात थांबला. दिलीपने शालूकडे पाहिलं. शालू म्हणाली, "बाबांनी एवढं बांधलं आपल्यासाठी. कोराडीले जाऊन आणखी काय करू?" दिलीप म्हणाला, "मीही तेच म्हणतो." बस, एवढंच झालं. काका उठून अंगणात गेले. विहिरीपाशी ते इतका वेळ तोंड धूत राहिले, की मावशीने मला पाहायला पाठवलं. मी गेलो तर बादली भरलेलीच होती. मी तसाच परत आलो आणि सांगितलं, धुऊन राहिले. दुसऱ्या दिवशी काकांनी अख्ख्या बोळात संत्रा बर्फी वाटली, शेजारच्या वहिनींना दोन तुकडे जास्त.

गोष्ट इथे संपायला हवी होती. मीही तसंच समजत होतो. पुढे थंडी पडल्यावर एका रविवारी गेलो, तर काका बाजेवर पाय जवळ घेऊन बसले होते. आम्ही बोलत होतो. बाहेर लोखंडी जिन्यावर बुटांचे आवाज झाले, ते वर गेले, दार उघडलं, लागलं. "आला," काका म्हणाले. पुन्हा काही वेळाने वर शालूची पावलं वाजली. "आता ओट्यापाशी आहे ती," ते म्हणाले. "आता मोरीकडं गेली." मला कळेना, की हे मला सांगतात की स्वतःला. दिलीप खाली येतच नव्हता असं नाही. यायचा, पण दमून आलेला माणूस वर चढला, की वरच हात धुणार, वरच जेवणार. तिथे नळ होता, मोरी होती, सगळं होतं, आणि ते सगळं काकांनीच नेऊन दिलं होतं. बूट तो आता वरच्या दाराशी काढायचा. शालू सकाळी उतरायची ती लोखंडी जिन्याने, डोक्यावर पदर घेऊन बोळातून फिरून, पाहुण्यासारखी पुढच्या दाराने. आणि असं रोज रोज कोण येणार. मावशी स्वयंपाकघरातून दोन ताटं घेऊन आली, एक काकांसमोर ठेवलं, एक माझ्यासमोर, आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "कोराडीले गेले असते तं रविवारी भेटायले तरी आले असते. वर राहणारं माणूस भेटायले काहून येईन?" काका भाकरीचा तुकडा नुसताच मोडत राहिले. मला फार वाईट वाटलं. त्यांच्यासाठी वाटलं, आणि वर आपल्या ऐसपैस ओट्यापाशी दिवसभर एकटी असणाऱ्या त्या पोरीसाठीही वाटलं.

त्यानंतरचं मला शालूने सांगितलं. एका सकाळी ती ओट्याशेजारी पोळ्या लाटत बसली होती, आणि तिच्या पायाजवळ जमीन कुरकुरायला लागली. तिला वाटलं, घूस. ती लाटणं घेऊन तयार झाली. फळीतून काहीतरी चकचकीत वर आलं, तशी तिने नेम धरून लाटणं हाणलं. खालून आवाज आला, "मारू नको वं, मी आहो." काका खाली बाजेवर स्टूल ठेवून त्यावर उभे होते, हातात करवत, टोपीभर सागवानाचा भुसा. दुपारपर्यंत त्यांनी आपल्या उशाच्या बरोबर वर, एक टोपली सहज जाईल एवढा चौकोन कापून काढला. ज्या माणसाने जन्मभर माळा वाढवला, त्याने त्या दिवशी पहिल्यांदा तो कमी केला. संध्याकाळी दिलीप आला आणि ते पाहून कपाळाला हात लावून उभा राहिला. "बाबा, चांगल्या जमिनीले भोक काहून पाडलं?" काका खालून वर पाहत म्हणाले, "हवेसाठी. गरम हवा वर जाते. शास्त्र आहे." दिलीप म्हणाला, "अहो, पण उन्हाळ्यात वर आधीच भट्टी असते." काका काही बोलायच्या आत शालू म्हणाली, "राहू द्या जी. मलेही हवा पाह्यजे." दिलीपने एकदा तिच्याकडे, एकदा त्या चौकोनाकडे पाहिलं. मग तो तिथेच भोकाच्या काठाशी बसला आणि बुटाची नाडी सोडायला लागला.

पुढच्या रविवारी मी जेवून बैठकीत खुर्चीवर बसलो होतो. काका बाजेवर पडले होते, डोळे टक्क उघडे, नजर वर. वर भांडी घासल्याचा आवाज होता. तो थांबला, आणि चौकोनातून शालूची हाक आली. "बाबा, झोपले का जी?" काकांनी ओठावर बोट ठेवून मला गप्प राहायला सांगितलं. मी हलक्या आवाजात म्हणालो, "काका, ती हाक मारून राहिली ना." ते तसेच पडून कुजबुजले, "मालूम आहे मले. पहिल्या हाकेले ओ देली, तं ती तिथूनच बोलून लगेच कामाले लागते." वर बांगड्या वाजल्या. ती काठाशी येऊन वाकली असावी, कारण चौकोनातला उजेड जरा कमी झाला. "बाबा?" ती म्हणाली, या वेळी हळू. "जागे आहा ना?" काकांनी टोपी सारखी केली आणि घसा साफ केला. "जागाच आहो वं," ते म्हणाले, "बोल."